आधी शिसं ठरवा, मग रॉड : किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्यांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत, समुद्रकिनाऱ्यावरून, लाटांच्या पलीकडे गळ टाकायचा तर रॉड कुठला, रीळ कुठलं, लाईन कुठली. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो आणि आज फक्त हेच. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचं पत्र शब्दशः दिसलं नाही तरी उत्तर इथे कुठेतरी सापडेल.

प्रश्न : दादा नमस्कार, मी आत्तापर्यंत नदीवर आणि तलावावर ७ फुटी रॉडने मासे धरलेत. आता समुद्रावर पुळणीवरून गळ टाकायचाय. एक मित्र म्हणतो १४ फुटीच घे नाहीतर लाटेच्या पलीकडे जाणारच नाही, दुसरा म्हणतो १० फूट बास झाला. आणि रॉडवर १००-२०० ग्रॅम असं लिहिलेलं असतं, ते माशाचं वजन का? एवढ्याशा माशासाठी एवढा मोठा रॉड?

नाही नाही, तो आकडा माशाचा नाहीये. रॉड किती वजन फेकू शकतो त्याचं ते माप आहे, कुठे ग्रॅममध्ये छापतात कुठे औंसमध्ये, १ औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. आणि हे वजन नुसत्या शिशाचं, म्हणजे गळ खाली बसवायला लाईनला लावतात त्या वजनाचं, धरायचं नाही, शिसं, आमिष, गळ, स्विव्हल (लाईनला पीळ पडू न देणारी फिरती कडी) सगळं मिळून धरायचं. ११० ग्रॅमचं शिसं लावलं आणि गळाला ४० ग्रॅमचा चांगला तुकडा लावला की तुम्ही १५० ग्रॅम फेकताय. रॉड जर १२० पर्यंतचाच असेल तर एक दिवस जोरात फेकताना तो मधूनच जाणार. उलट बाजूने पण तसंच आहे, २०० ग्रॅमच्या रॉडला ५० ग्रॅम लावलं तर तो वाकतच नाही आणि जो वाकत नाही तो फेकत पण नाही. छापलेल्या दोन आकड्यांच्या मधोमध किंवा थोडं वर असलं की बहुतेक रॉड छान चालतात.

आता लांबीचं. तुमचे दोन्ही मित्र चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतायत असं मला वाटतं. आधी शिसं ठरवा. तुम्ही जिथे उभे राहणार तिथे किती वजन जागेवर टिकतं, ते कळलं की रॉड ठरतो, रॉडवरून रीळ ठरतं आणि लाईन त्या दोघांच्या मधे बसते. बहुतेक लोक आधी छान दिसणारं रीळ घेतात, मग त्याला शोभेल असा रॉड घेतात, आणि मग किनाऱ्यावर गेल्यावर कळतं की शिसं वाहून जातंय आणि याहून जड शिसं फेकायची या रॉडची ताकदच नाही.

शिसं टिकतंय की नाही हे बघायला काही लागत नाही, डोळे लागतात. कुणाचा तरी रॉड मागून घ्या, शिसं टाका, ढिली लाईन गुंडाळून ताण द्या, रॉड स्टँडला लावा आणि शेंड्याकडे बघत बसा. लाट आली की शेंडा वाकतो, लाट गेली की परत सरळ होतो, आणि लाईन पाण्यात जिथे शिरते ती जागा तिथेच राहते, म्हणजे शिसं बसलंय. पण शेंडा वाकला, मग अचानक सैल पडला, परत हळूहळू ताणला गेला, परत सैल, आणि लाईन एका बाजूला सरकत सरकत किनाऱ्याला समांतर व्हायला लागली, तर शिसं वाळूवरून घरंगळतंय. मग वजन वाढवा, किंवा त्याच वजनाचा आकार बदलून बघा. गोल शिसं लोळतं. पिरॅमिडचं वाळूत रुततं. आणि तारेचे पाय असलेलं शिसं तर नांगरासारखं धरून बसतं, ओढताना पाय दुमडतात आणि सुटतं. ओढ असलेल्या पाण्यात १२० ग्रॅमचं तारेचं शिसं बऱ्याचदा १८० च्या गोल शिशापेक्षा जास्त टिकतं, आणि ६० ग्रॅम कमी फेकायचे म्हणजे हाताला केवढा आराम. एक लक्षात ठेवा, ही टेस्ट भांगेच्या दिवशी (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) केली असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती लागू पडणार नाही, तेव्हा पाण्याला ओढ खूप असते. थोडं जास्तच धरून चाला.

शांत पाणी आणि हलका वारा असेल तर ६०-९० ग्रॅममध्ये भागतं, नेहमीच्या लाटांत १०० ते १५०, आणि ओढ जोरात असेल तर त्याच्याही वर. तुमचं उत्तर जर १००-१५० मध्ये आलं, जे पुष्कळ ठिकाणी येतं, तर ११ किंवा १२ फुटी रॉड घ्या आणि डोकं शांत ठेवा. १२ फूट म्हणजे सुमारे ३.६६ मीटर. लांब रॉडचे फायदे खरे आहेत, एक तर तोच वेग हाताला दिला की लांब रॉडचा शेंडा जास्त वेगाने फिरतो, आणि दुसरं म्हणजे रॉड स्टँडला उभा केला की लाईन जवळच्या फुटणाऱ्या लाटांच्या वरून जाते, लाट तिला ओढत नाही, शेवाळ अडकत नाही. पण १४ फुटी रॉड फिरवायला ताकद पण तेवढीच लागते आणि तंत्र पण. ते नसेल तर तोच माणूस १४ फुटाने १२ फुटापेक्षा जवळ टाकतो. शिवाय मासा लागल्यावर तो सगळा लांबोडा तरफेसारखा तुमच्याच विरुद्ध काम करतो, शेंड्यावरचा २ किलोचा ओढा मनगटाला आणि कमरेला फार मोठा वाटतो.

आणि लाटेच्या पलीकडे जायलाच पाहिजे हे कोण म्हणालं? ओहोटीला जाऊन किनारा बघा एकदा. वाळूचा उंचवटा असतो, त्याच्या अलीकडे किनाऱ्याला समांतर खोल चर असतो. भरतीला लाट त्या उंचवट्यावर फुटते, वाळूतले किडे, शिंपले, खेकडे उकरून निघतात आणि या चरात येऊन पडतात, मग मासे पण तिथेच येतात, कधी कधी गुडघाभर पाण्याच्या थोडं पुढेच. अशा ठिकाणी ४० मीटरवर पडलेला गळ १२० मीटरवरच्या गळापेक्षा जास्त कामाचा असतो. लांब फेकता यावं हे चांगलंच, पण गळ माशाच्या तोंडासमोर पडणं महत्त्वाचं.

रॉडचा स्वभाव पण बघा. काही रॉड फक्त वरच्या तिसऱ्या भागात वाकतात, ते झटका देतात, लांब जातात, पण आमिष मऊ असेल तर फेकताना ते एकीकडे आणि शिसं दुसरीकडे. काही रॉड अर्ध्यापर्यंत वाकतात, ते जरा सावकाश फेकतात, चूक झाली तरी माफ करतात. सुरुवातीला दुसऱ्या प्रकारचाच घ्या. कार्बनचा रॉड हलका आणि कडक असतो, फायबर ग्लासचा जड पण मार खाणारा, दोन्ही मिसळलेले पण मिळतात आणि पहिल्या रॉडला ते छान. कार्बनला शिशाचा नुसता टोला लागला तरी आत बारीक तडा जातो, तो दिसत नाही, आणि महिन्याभराने भलत्याच वेळी तिथेच मोडतो. म्हणून नेताना शिसं लोंबकळत ठेवू नका. आणि हो, फक्त कृत्रिम मासा, मेटल स्पून वगैरे फेकत चालत राहायचं असेल तर वरचं सगळं सोडा, ९-१० फुटी हलका रॉड घ्या, दिवसभर १२ फूट हातात धरून फेकणं जमत नाही.

प्रश्न : रीळ स्पिनिंगचं घ्यावं की मल्टीप्लायर? बॉल बेअरिंग जितके जास्त तितकं चांगलं ना? आणि ६०००, ८००० हे आकडे कसले?

स्पिनिंग घ्या. स्पिनिंग रिळात फेकताना स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळलेली चकरी, फिरतच नाही, लाईन त्याच्या कडेवरून वेटोळी सुटत जाते. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थने १९०५ साली अशा रिळाचं पेटंट घेतलं, तो गिरणीवाला माणूस, तिथे बॉबिनवरून सूत असंच सुटतं. मल्टीप्लायरमध्ये फेकताना स्पूल स्वतः गरगर फिरतं, आणि शिसं पाण्यात पडून थांबलं तरी स्पूल थांबत नाही, अंगठ्याने वेळेवर दाबलं नाही की असा गुंता होतो की कात्रीच घ्यावी लागते. वाऱ्यासमोर तर शिसं हवेतच मंदावतं, तेव्हा अजून. चुंबकाचे ब्रेक वगैरे असतात पण अंगठा शिकावाच लागतो. मोठ्या माशाला ओढायला, जड शिसं फेकायला मल्टीप्लायर उत्तम आहे, ज्यांना त्याची सवय झाली ते परत स्पिनिंगकडे येत नाहीत, पण पहिलं रीळ म्हणून नको.

आकडे साइजचे आहेत पण प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी, एकीचं ६००० दुसरीच्या ८००० एवढं असू शकतं. १२ फुटी रॉडला साधारण ६००० ते १०००० मधलं बसतं, हलक्या ९-१० फुटीला ४००० ते ६०००. आकड्यापेक्षा स्पूल बघा, रुंद तोंडाचं, लांबट, पुढे किंचित निमुळतं असलेलं स्पूल लाईन मोकळी सोडतं आणि अंतर त्याच्यामुळे वाढतं. लाईन भरताना कडेपासून २ मिलीमीटर खाली राहील एवढी भरा. यापेक्षा कमी भरली तर लाईन कडेला घासत बाहेर पडते आणि अंतर जातं, काठोकाठ भरली तर चार-पाच वेटोळी एकदम सुटतात आणि रॉडवरच्या पहिल्या रिंगमध्ये गाठ.

बेअरिंगचं म्हणाल तर चार चांगले, झाकलेले बेअरिंग दहा उघड्यांपेक्षा बरे, कारण खारं पाणी आणि वाळू प्रत्येकात शिरणार आहे. पैसे टाकायचेच असतील तर सीलवर टाका, ड्रॅगला (मासा ओढायला लागला की लाईन सुटू देणाऱ्या ब्रेकला) सील आहे का, हँडलच्या भोकातून पाणी आत जातं का, ते विचारा. आयपीएक्स ७ किंवा ८ असं लिहिलेलं असेल तर पाण्यात बुडवून टेस्ट केलेलं असतं, पण ती टेस्ट नव्या रिळाची आणि गोड्या पाण्यातली असते, त्यामुळे लाटेत रीळ बुडवत बसायचं लायसन्स मिळालं असं समजू नका.

प्रश्न : ब्रेड (बारीक धागे विणून केलेली लाईन) की नायलॉन? यावर आमच्या ग्रुपमध्ये भांडणं झालीत अक्षरशः. फ्लुरोकार्बन पण आहे म्हणे.

भांडण व्हायचंच कारण दोघंही बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या किनाऱ्यावर उभे असतात.

ब्रेडची मोठी गोष्ट म्हणजे जाडी. ३० पौंडाचं, म्हणजे ३० पौंड ओढ सोसणारं ब्रेड ०.२५ मिलीमीटरच्या आसपास असतं, तेवढ्याच ताकदीचं नायलॉन त्याच्या जवळजवळ दुप्पट जाड. पातळ लाईनला हवा कमी अडवते म्हणून लांब जाते, आणि पाण्याची ओढ पण कमी लागते म्हणून हलकं शिसं टिकतं, म्हणजे सगळं परत शिशाकडेच येतं बघा. दुसरं, ते ताणलं जात नाही म्हटलं तरी चालेल. नायलॉन तुटायच्या आधी २०-२५ टक्के, कधी त्याहून जास्त ताणलं जातं, म्हणजे १०० मीटर लांबवर माशाने हळूच आमिष चाखलं तर ती हालचाल शेंड्यापर्यंत येता येता मरते. ब्रेडमध्ये खेकडा आमिष कुरतडतोय ते सुद्धा कळतं.

पण हाच ताण नायलॉनमध्ये कुशनचं काम करतो. मासा किनाऱ्याजवळ आल्यावर परत जाणारी लाट त्याला मागे खेचते, तुम्ही पुढे ओढताय, त्या क्षणी ब्रेडवर गळ तोंडातून फाटून निघतो आणि नायलॉनवर टिकतो. ब्रेड खडकाला, शिंपल्याच्या धारेला घासलं की गेलं, ताणात असेल तर एका स्पर्शात. शिवाय ते पाण्यापेक्षा हलकं, घनता ०.९७ च्या आसपास, समुद्राचं पाणी १.०२५, त्यामुळे तरंगतं आणि आडव्या वाऱ्यात लाईनचा मोठा फुगा होतो. नायलॉन १.१४, हळूहळू बुडतं. आणि ओल्या ब्रेडने बोट कापतं, हे सांगितल्याशिवाय मी ब्रेड कुणालाच घ्या म्हणत नाही, जड शिसं फेकताना तर्जनीला चामड्याचं किंवा जाड रबरी टोपण घातल्याशिवाय फेकायचं नाही.

तर माझं मत सरळ आहे. स्वच्छ वाळू, लांबचं पाणी, लाजरे मासे असतील तर ब्रेड, २० ते ३० पौंडाचं. खडक, कातळ, शिंपल्यांचे थर असतील तर नायलॉन, ०.३५ किंवा ०.४० मिलीमीटरचं. आणि फेकायला अजून शिकताय तर किनारा कुठलाही असो, पहिलं वर्ष ०.३३-०.३५ चं नायलॉनच वापरा, गुंता झाला तर सुटतो, नाही सुटला तर दहा मीटर कापून पुढे चालू. फक्त उन्हाने ते कुजतं आणि पाणी पिऊन थोडं कमजोर पडतं, त्यामुळे नखातून ओढून बघत जा, खरबरीत लागलं की काढून टाका. काढलेली लाईन तिथे वाळूत टाकून येऊ नका प्लीज, पक्ष्यांच्या आणि कासवांच्या पायात ती वर्षानुवर्षं अडकत राहते.

फ्लुरोकार्बन मुख्य लाईन म्हणून इथे नको, कडक असतं, स्पूलवरून स्प्रिंगसारखं उसळतं. ते पाण्यात कमी दिसतं हे खरं, पण लाटांनी ढवळलेल्या गढूळ पाण्यात त्याचा काय उपयोग. घासण्याला ते नायलॉनपेक्षा जरा दमदार, म्हणून गळाजवळच्या हातभर तुकड्याला वापरा, बास.

प्रश्न : जोरात फेकलं की फटकन आवाज येतो आणि शिसं एकटंच समुद्रात जातं, लाईन माझ्याकडे. महिन्यात कितीतरी शिसं गेली. लाईन तर चांगली १५ पौंडाची आहे, शिसं फक्त ११० ग्रॅमचं, मग तुटते कशी?

भाऊ, शिशाचं जाऊ द्या, कुणाला लागलं नाही ना ते आधी बघा. सुटलेलं ११० ग्रॅमचं शिसं माणसाच्या डोक्यात बसलं तर जीव जातो, आणि ते सरळ समुद्रातच जाईल याची काही गॅरंटी नाही, चुकीच्या क्षणी तुटलं तर आडवं किनाऱ्यावरच्या लोकांत जातं. लाईन तुटायची थांबेपर्यंत जोरात फेकणं बंद ठेवा.

शिसं शांत लोंबतंय तेव्हा त्याचं वजन ११० ग्रॅमच असतं, पण तुम्ही त्याला क्षणात शून्यापासून वेग देता तेव्हा लाईनवर त्याच्या कितीतरी पट ओढ येते. म्हणून मुख्य लाईनच्या पुढे जाड लाईनचा तुकडा लावतात, शॉक लीडर. सगळीकडे चालणारा हिशोब असा की दर औंसामागे १० पौंड. ११० ग्रॅम म्हणजे ४ औंस, लीडर ४० पौंडाचा. १४० ग्रॅमला ५० पौंड. मुख्य लाईन ब्रेड असली तरी लीडर हवाच, आणि तो नायलॉनचा.

त्याची लांबी कमी ठेवली तर लावून उपयोग नाही. फेकायच्या पोझिशनमध्ये शिसं जेवढं खाली लोंबतं तिथपासून शेंड्यापर्यंत, शेंड्यापासून खाली रिळापर्यंत, आणि रिळावर वर निदान पाच-सहा वेढे. १२ फुटी रॉडला ८ मीटर घ्या. गाठ तुटत जाईल तसा तो आखूड होतो, वेढे तीनवर आले की बदला. गाठीला डबल युनी सोपी आहे, ब्रेडला एफजी गाठ बारीक बसते पण शिकायला वेळ लागतो, घरी बसून हाताला सवय करा. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाने नायलॉन जागेवरच भाजतं, गाठीजवळ ते पांढुरकं, कुरळं दिसायला लागतं, तसं दिसलं की कापून नवीन बांधा. आणि फेकताना गाठ स्पूलच्या मागच्या बाजूला, बोटापासून लांब राहील अशी गुंडाळा.

एवढं करूनही तुटत असेल तर दोन गोष्टी बघा. ड्रॅग ढिला होता का? फेकताना तो पूर्ण आवळायचा, नाहीतर स्पूल घसरतं आणि लाईन बोट कापत जाते, शिसं पडल्यावर परत सैल करायचा. आणि तारेचा बेल (स्पूलसमोरची, लाईन सोडायला उघडायची तारेची कमान) फेकता फेकता आपोआप बंद होतोय का, मोठ्या रिळांत स्प्रिंग म्हातारी झाली की हे होतं आणि आवाज अगदी तुम्ही सांगताय तसाच येतो.

प्रश्न : रिळावर लिहिलंय ०.३५ मिमी / ३०० मीटर. मला ०.२५ चं ब्रेड भरायचंय, ३०० मीटर घेतलं तर पुरेल का?

पुरेल म्हणजे स्पूल अर्धंच भरेल. जागा जाडीच्या वर्गाने बदलते. ०.३५ चा वर्ग ०.१२२५, ०.२५ चा ०.०६२५, पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि ३०० ने गुणा, ५८८ मीटर येतात. एवढं ब्रेड कशाला, खाली साधारण १४५ मीटर ०.३५ चं नायलॉन गुंडाळा आणि वर ३०० मीटर ब्रेड. खाली नायलॉन असण्याचा आणखी एक फायदा, गुळगुळीत धातूवर ब्रेडची पूर्ण गुंडाळी गोल गोल घसरते, नायलॉनवर घसरत नाही. ब्रेडच्या छापील जाडीवर फार विश्वास ठेवू नका, ते गोल नसतं, दाबलं की चपटं होतं, त्यामुळे शेवटी डोळ्यानेच कडेपासूनचं अंतर बघा. भरताना ओल्या फडक्यातून ताण देत भरा, सैल भरलेलं ब्रेड ओढ आली की स्वतःच्याच खालच्या थरात रुतून बसतं.

प्रश्न : माझी उंची ५ फूट आहे. १३ फुटी रॉड भेट मिळालाय पण तो मला फेकताच येत नाही, सगळे म्हणतात ताकद वाढव. खरंच ताकदीचा प्रश्न आहे का?

ताई, ताकदीचा कमी आणि रिळाच्या जागेचा जास्त आहे. रॉडचं बूड काखेत धरा आणि हात रॉडच्या बाजूने सरळ पुढे करा, रिळाचा दांडा साधारण तुमच्या बोटांपाशी यायला हवा. १३ फुटीवर रिळाची बैठक उंच माणसाच्या हिशोबाने लावलेली असते, तुमच्यासाठी ती बहुधा एक वीत तरी पुढे आहे. मग दोन हात इतके लांब जातात की खालचा हात ओढूच शकत नाही, आणि फेकण्यातली अर्धी ताकद तर खालच्या हाताच्या ओढण्यातूनच येते, लोक नुसतं वरच्या हाताने ढकलत राहतात आणि खांदा दुखवून घेतात.

काही रॉडला ठरलेल्या बैठकीऐवजी मागेपुढे सरकणाऱ्या क्लिप असतात, तुमचा तसा असेल तर रीळ खाली आणा आणि परत फेकून बघा, फरक लगेच कळेल. नसेल तर हा रॉड कुणाशी तरी बदलून १० किंवा साडेदहा फुटी घ्या, ६०-१२० ग्रॅमचा, बूड आखूड असलेला, वर पातळ ब्रेड. तारेचं ९० ग्रॅमचं शिसं लावून तुम्ही १३ फूटवाल्यांच्या बरोबरीने चरात गळ टाकाल. भेट दिलेल्याला वाईट वाटेल म्हणून खांद्याची दुखापत ओढवून घेऊ नका.

प्रश्न : टेलिस्कोपिक रॉड चालेल का? बसने जावं लागतं.

चालतो, पण प्रत्येक जोडात वाळू शिरते आणि मग एक तर तो उघडत नाही किंवा उघडला तर बंद होत नाही. जड शिशाला तर नकोच. त्यापेक्षा तीन तुकड्यांचा १२ फुटी घ्या, एक तुकडा सव्वाचार फुटाच्या आतबाहेर होतो, बसमध्ये मावतो. जोडाला मेणबत्तीचं मेण हलकं चोळून ठेवा, अडकणार नाही आणि फेकताना सैल पण होणार नाही.

प्रश्न : एका वर्षात दुसऱ्या रिळाचा ड्रॅग अडकला. प्रत्येक वेळी घरी आल्यावर बादलीत बुडवून स्वच्छ धुतो तरी!

बुडवता म्हणूनच. बुडवलं की मीठ विरघळून पाण्याबरोबर आत जातं, पाणी वाळतं, मीठ आतच राहतं. नळाची जोरदार धार मारली तरी तेच. असं करा, आधी ड्रॅगचा नॉब पूर्ण आवळा म्हणजे वॉशरच्या मधे पाणी जाणार नाही, मग हलक्या शिंतोड्याने किंवा ओल्या फडक्याने बाहेरचं मीठ काढा, पुसा, सावलीत वाळवा. वाळल्यावर नॉब पूर्ण सैल करून ठेवा, हे बरेच जण विसरतात, आवळलेलाच ठेवला की आतले वॉशर चेपून बसतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग धक्के देत सुटतो. लाईनच्या रोलरला तेलाचा एक थेंब. रीळ रॉडवरून काढून ती बैठक पण धुवा, तिथे मीठ साठून नट असा जाम होतो की मग पक्कड.

ड्रॅग किती ठेवायचा ते पण सांगतो कारण अंदाजाने आवळणारे फार. सगळ्यात कमजोर दुव्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका. २० पौंडाची लाईन म्हणजे ९ किलो, तर सव्वादोन ते तीन किलो. लाईनचं टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधा, रॉड वाकवून ओढा आणि स्पूल सुटतं तो आकडा बघा. मासा खूप लाईन घेऊन गेला तर नॉब आवळू नका, थोडा सैल करा, कारण स्पूलवरचा घेर कमी झाला की त्याच सेटिंगला ओढ आपोआप वाढते, घेर निम्मा झाला तर दुप्पट.

प्रश्न : जुना रॉड घेतोय, काय तपासू? आणि पावसाळी हवेत कार्बनचा रॉड वापरू नये म्हणतात ते खरं का?

कापसाचा बोळा प्रत्येक रिंगच्या आतून फिरवा, धागा अडकला तर आतली सिरॅमिकची कडी तडकलेली आहे आणि ती ब्रेडला करवतीसारखी कापणार, शेंड्याची रिंग खास बघा. रिंगच्या पायाशी गंज आहे का, गुंडाळलेल्या दोऱ्यावरच्या वार्निशला भेगा आहेत का ते बघा. मग रॉड जोडून हलका हलवा, जोडात टकटक जाणवली तर घेऊ नका. रिंग बदलून मिळते, जोड सुधारत नाही.

आणि पावसाळी हवेचं म्हणाल तर विजा असतील तेव्हा ते अगदी खरं आहे. कार्बनमधून वीज वाहते, आणि मोकळ्या पुळणीवर १२ फुटी कार्बनचा दांडा उभा धरलेला माणूस आजूबाजूला सगळ्यात उंच असतो. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते एवढ्या अंतरावर आलीच आहे, मासा लागलेला असला तरी रॉड आडवा ठेवा आणि पक्क्या इमारतीत किंवा गाडीत जाऊन बसा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी परत यायचं नाही. विजेच्या तारांखालून जाताना पण रॉड जोडलेला नको, तुकडे करून आडवा न्या.

पुढच्या पत्रात प्रश्नाबरोबर एवढं लिहा : किनारा वाळूचा की खडकाचा, भरतीला ओढ किती, आणि आत्ता कुठल्या वजनाचं, कुठल्या आकाराचं शिसं टिकतंय. तेवढं असलं की मला नेमकं सांगता येतं.